चार डिस्क, तेवढीच जागा: रेड ६ की रेड १०?

चार खणांचा नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी) आणि त्यात ८ टीबीच्या चार डिस्क. त्या एकत्र जोडून, एखादी बिघडली तरी डेटा वाचावा अशी रचना म्हणजे रेड. रेड ६ निवडलं तर वापरायला १६ टीबी मिळतात, रेड १० निवडलं तरी १६ च. त्यात दोन्हींबद्दल ‘दोन डिस्क गेल्या तरी चालतं’ असं सर्रास सांगितलं जातं. मग लोक जे नाव आधी दिसेल त्यावर टिचकी मारून मोकळे होतात. खरी गोम पुढे आहे: रेड ६ मध्ये कुठल्याही दोन जाऊ शकतात, रेड १० मध्ये कुठल्या दोन गेल्या यावर सगळं ठरतं.

डिस्कना अ, ब, क, ड म्हणू. रेड १० मध्ये अ-ब ही एक जोडी, क-ड दुसरी. जोडीतल्या दोघींवर हुबेहूब तोच डेटा असतो, आणि फाइलचे तुकडे दोन जोड्यांत वाटले जातात. समजा अ बिघडली. आता क किंवा ड गेली तरी निभावतं. पण ब गेली की चारही डिस्कचा मिळून झालेला संपूर्ण अ‍ॅरे गेला, कारण जवळजवळ प्रत्येक मोठ्या फाइलचे अर्धे तुकडे त्याच जोडीवर होते. म्हणजे उरलेल्या तिघींपैकी एक जीवघेणी. कागदावर हा धोका एक तृतीयांश, पण मी तो जास्तच धरतो. नवी डिस्क घातली की रीबिल्डसाठी, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा नवीवर पुन्हा उभा करण्यासाठी, वाचायची ती फक्त ब. ८ टीबी, सेकंदाला सरासरी १५० एमबी धरले तरी जवळपास १५ तास सलग. आणि ही ब बहुतेक वेळा अ सोबतच घेतलेली, तितकेच तास चाललेली असते.

रेड ६ मध्ये जोड्या नसतात. प्रत्येक पट्ट्यात (सगळ्या डिस्कवर पसरलेल्या तुकड्यांच्या एका ओळीत) डेटाबरोबर दोन पॅरिटी ब्लॉक, म्हणजे हरवलेला डेटा परत काढता येईल असे हिशेबाचे तुकडे, असतात आणि ते चारही डिस्कवर फिरते ठेवलेले असतात. एक पॅरिटी साध्या एक्सऑरची (बिट एकमेकांशी ताडून पाहण्याची सोपी क्रिया), दुसरी वेगळ्या गणिताची. दोन स्वतंत्र समीकरणं असल्यामुळे दोन हरवलेल्या गोष्टी शोधता येतात, मग त्या कुठल्या का असेनात. (पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८ च्या मूळ निबंधात रेडच्या १ ते ५ एवढ्याच पातळ्या होत्या, सहावी मागाहून आली.)

याचा खरा फायदा दुसरी डिस्क पूर्ण मरते तेव्हा नव्हे, तर ती एखादा सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा छोटासा कप्पा) वाचायला नकार देते तेव्हा कळतो. हे जास्त वेळा घडतं. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १० चा १४ वा घात इतके बिट वाचताना फार तर एक न वाचता येणारी चूक, असं लिहिलेलं असतं. म्हणजे सुमारे १२.५ टीबी. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, पण रीबिल्ड चालू असताना ब वर असा एक सेक्टर निघाला, तर त्याची दुसरी प्रत कुठेच नसते. रेड ६ मध्ये एक डिस्क गेलेली असतानाही एक पॅरिटी शिल्लक असते, त्यामुळे तो सेक्टर हिशेबाने पुन्हा तयार होतो.

मग रेड १० घ्यायचंच कशाला? छोट्या, विखुरलेल्या लिखाणासाठी. रेड १० मध्ये एक ब्लॉक बदलायचा तर दोनदा लिहिलं की झालं. रेड ६ मध्ये जुना डेटा आणि दोन्ही पॅरिटी वाचायच्या, मग तिन्ही पुन्हा लिहायच्या: सहा कामं. (चारच डिस्क असतील तर शेजारचा एक डेटा ब्लॉक वाचून चारातही भागवता येतं.) नॅसवर व्हर्च्युअल मशीन (संगणकात चालणारा आभासी संगणक) किंवा सतत लिहिणारा डेटाबेस असेल तर हा फरक जाणवतो, आणि तिथे मीही रेड १० च म्हणेन. रीबिल्डही सरळ नक्कल असल्याने प्रोसेसरला त्रास नाही.

पण फोटो, चित्रफिती, इतर संगणकांचे बॅकअप? गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला जेमतेम ११० ते ११५ एमबी जातात, आणि आजची एकटी डिस्कसुद्धा सलग वाचनात त्याहून वेगवान असते. जो वेग केबलमधूनच जाणार नाही त्यासाठी सुरक्षितता कमी करण्यात काय हशील? अशा वापराला रेड ६, किंवा त्याचे भाऊबंद म्हणजे झेडएफएस या फाइल सिस्टीमचं रेडझेड२ आणि सिनॉलॉजी या नॅस बनवणाऱ्या कंपनीचं एसएचआर-२.

खण जास्त असतील तर जागेचा हिशेबही रेड ६ च्या बाजूने झुकतो: सहा डिस्कना चारांची जागा विरुद्ध तिघींची, आठांना सहांची विरुद्ध चौघींची. चुकून डिलीट झालेल्या फाइलपुढे मात्र दोन्ही सारखेच निरुपयोगी. त्यासाठी बॅकअप वेगळा हवाच.

आणखी एक फरक हाताशी संबंधित आहे. अ बिघडली आणि घाईत कुणी ब चा ट्रे ओढला, तर रेड १० जागच्या जागी बंद पडतं. रेड ६ धापा टाकत का होईना, चालू राहतं. कुठल्या खणात कुठल्या सीरियल नंबरची डिस्क आहे याची यादी पहिल्याच दिवशी करून ठेवा, आणि ती यादी त्याच नॅसवर सेव्ह करू नका.