रोजनिशी आणि आठवणी: कीर्द वेगळी, खतावणी वेगळी

आमच्या सोलापुरात पेठेतल्या जुन्या पेढ्यांवर दोन वह्या हमखास असायच्या. एक रोजकीर्द, दुसरी खतावणी. कीर्दीत ज्या दिवसाचा व्यवहार त्या दिवशी, जसा झाला तशा क्रमानं. तीच रक्कम मग खतावणीत आपापल्या खात्यावर चढायची: सुताचं खातं, रंगाचं खातं, कुणाची उधारी. वर्ष नफ्यात जाणार की तोट्यात, हे कीर्द लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. खतावणी उघडणाऱ्याला मात्र खातं कुठं येऊन ठेपलं ते दिसतं.

रोजनिशी म्हणजे कीर्द, आठवणी म्हणजे खतावणी. यात घोळ फार होतो. ‘मी रोज डायरी लिहितो’ म्हणणारा पुष्कळदा रविवारी बसून आठवड्याच्या आठवणी लिहीत असतो. लिहावं की, पण ती कीर्द नव्हे. मंगळवारची चिडचिड रविवारपर्यंत निवलेली असते.

मी अकरावीत असल्यापासून लिहितोय, 1989 सालापासून. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा कॉलेजात होतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारी आमच्यापासून सरळ रेषेत 80-85 किलोमीटर असेल. ती पहाट मी आजवर कितीतरी जणांना रंगवून सांगितली आहे: विसर्जनाहून दमून झोपलो होतो, खाट हलली, वडील ओरडले, ‘धरणीकंप! बाहेर व्हा!’ आणि सगळी चाळ रस्त्यावर आली.

चार वर्षांपूर्वी ती वही काढून बघितली. लिहिलंय ते असं: ‘पहाटे मांडणीवरची भांडी वाजली. आई मांजर हाकलायला उठली. मग सगळे बाहेर. बाबा तिसऱ्या पाळीला. सायकल पंक्चर, दोन रुपये. संध्याकाळी रेडिओवर किल्लारी, लातूरकडे. फार माणसं गेली म्हणतात.’

म्हणजे वडील घरात नव्हतेच. ते गिरणीत होते. ओरडलं कोण मग? शेजारचे काका असतील. इतक्या वर्षांत तो आवाज मी वडिलांच्या खात्यावर चढवून टाकला होता.

आणि ते पंक्चर बघा. हजारो माणसं गेली, हे कळलेला माणूस त्याच ओळीशेजारी दोन रुपये लिहिणार नाही. लिहिणाऱ्याला पुढचं ठाऊक नव्हतं, म्हणूनच ती नोंद खरी वाटते. म्हणून जुन्या वहीत खाडाखोड करू नये. मीही केली नाही. कीर्दीत चूक सापडली की मुनीम पान फाडत नाही, ती दुरुस्त करणारी नोंद चूक सापडली त्या दिवसाच्या तारखेला घालतो. तसंच, आठवणी लिहायला बसाल तेव्हा वर आजची तारीख जरूर टाका. 1993 बद्दल आज काय वाटतं, तेवढंच त्यात असतं.

एरवीचा फरक किरकोळ. आमच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आठवणीत एकच असते: नंदीध्वज, अक्षता, पाळणे, धूळ. माझ्या वह्यांत तीस-पस्तीस जत्रा आहेत आणि निम्म्यांत मी गेलेलोच नाही. आठवणीत कुणी नळाचं पाणी लिहीत नाही. माझ्या रोजनिशीत दर चार-पाच दिवसांनी आहे: ‘पाणी रात्री अडीचला. दोन बॅरल.’

पण कीर्दीवर फार विसंबू नये, हेही सांगतो. लिहायला हात मोकळा असेल तेव्हाच ती लिहिली जाते. वडील गेले त्या आठवड्याचं मला सगळं आठवतं: दवाखान्यातला फिनेलचा वास, बहिणीनं डब्यातून आणलेली कडक भाकरी आणि शेंगा चटणी, जी कुणी उघडली नाही. आठवण इथं चुकत असेलही, पण दुसरं काही हाताशी नाही. वहीची सात पानं कोरी आहेत. आठव्यावर एवढंच: ‘पाणी आलं. भरलं नाही.’