तुरुंगातल्या लेखकासाठी जिनिव्हाला अर्ज : कोण करू शकतं, कागद कोणते, चुका कुठे होतात

लेखनासाठी एखाद्याला अटक झाली की निषेधाचं पत्रक त्याच संध्याकाळी निघतं, आणि ते निघायलाच हवं. पण दूतावास किंवा परदेशी संसदेपुढे ठेवायला अधिकृत यंत्रणेचा लेखी निष्कर्ष हाताशी असला, तर दबावाला धार येते. तो मिळवण्याचा अर्ज मुंबईत बसून, कोणतंही शुल्क न भरता करता येतो. अर्ज जातो जिनिव्हातल्या, संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी अटकेविषयीच्या कार्यगटाकडे. १९९१ साली नेमलेला हा पाच स्वतंत्र तज्ज्ञांचा गट आहे.

हाच रस्ता का? नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला, पण व्यक्तीला थेट तक्रारीची मुभा देणारा त्याचा ऐच्छिक प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. त्यामुळे भारतातल्या अटकेबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार चालत नाही. कार्यगटाला अशी अट नाही. शिवाय, जामीन अर्ज कोर्टात पडून असला, सुप्रीम कोर्टापर्यंत जाणं बाकी असलं, तरी अर्ज घेतला जातो.

अर्ज कोणी करायचा

स्वतः कैदी, घरचे, वकील किंवा एखादी संस्था. घरच्यांखेरीज दुसरं कोणी करत असेल तर कैद्याची किंवा कुटुंबाची संमती जोडावी. तुरुंगातून सही मिळायला वेळ लागतो, म्हणून पत्नी, आई, भाऊ यांच्यापैकी एकाचं एक पानी संमतीपत्र आधीच तयार ठेवावं. नाव सरकारला कळवायचं का, पुढे प्रसिद्ध करायचं का, हेही त्यांना विचारून लिहून घ्यावं. अर्जदाराचं नाव कार्यगट सरकारला सांगत नाही. कैद्याचं नाव मात्र सांगावंच लागतं, नाहीतर सरकार उत्तर कशाचं देणार?

प्रकरण कोणत्या वर्गात बसतं

मनमानी अटकेचे पाच वर्ग आहेत. पहिला, अटकेला कायद्याचा आधारच नसणं. दुसरा, अभिव्यक्तीसारखा हक्क वापरल्याची शिक्षा. तिसरा, न्याय्य खटल्याचे नियम गंभीरपणे मोडणं. चौथा आश्रय मागणाऱ्यांच्या कोठडीचा आणि पाचवा भेदभावाचा. लेखकासाठी दुसरा वर्ग मुख्य, पण तेवढ्यावर थांबू नये. अटकेची कारणं लेखी दिली होती का, हे तपासा. ‘न्यूजक्लिक’ या वृत्तसंकेतस्थळाचे संस्थापक प्रबीर पुरकायस्थ यांची अटक सुप्रीम कोर्टाने १५ मे २०२४ रोजी याच मुद्द्यावर बेकायदा ठरवली. पोलिसांनी दिलेला कागद नुसता ठरावीक छापील मजकुराचा असेल, तर तो जसाच्या तसा जोडावा.

लेखनात हिंसेची खरोखर चिथावणी असेल, तर दुसरा वर्ग टिकणं अवघड. हे अर्ज लिहिण्याआधी प्रामाणिकपणे ठरवायला हवं.

कागदपत्रं

एफआयआर, अटक पंचनामा, प्रत्येक रिमांडचा आदेश, जामिनावरचे आदेश, दोषारोपपत्राचा संबंधित भाग आणि मूळ लेखन. कोर्टातून प्रमाणित नक्कल मिळायला वेळ लागतो, म्हणून संकेतस्थळावरचे आदेश आधी उतरवून घ्या. मुख्य अर्जाला २० पानांची मर्यादा आहे. त्यापलीकडचा मजकूर विचारात घेतला जाईलच असं नाही. भाषा इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश.

सगळ्यात नाजूक काम भाषांतराचं. ‘पेटून उठा’ ही ओळ घ्या. मराठी वाचकाला तिचा अर्थ कळतो: जागे व्हा, अन्यायाविरुद्ध उभे राहा. इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवला तर ती आग लावायची हाक वाटते, आणि आरोपात नेमकी तीच ओळ सुटी उचललेली असते. म्हणून मूळ ओळ, शब्दशः अर्थ आणि रूढ अर्थ, तिन्ही शेजारी शेजारी द्यावेत. पूर्ण कविता जोडावी, फक्त कडवं नव्हे.

घटनाक्रम तारखेनिशी लिहा: कधी, कुठून, कोणी नेलं, वॉरंट दाखवलं का, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं का. विशेषणं गाळा. जुना गुन्हा लपवू नका. तो सरकारच्या उत्तरात येतो आणि मग बाकीच्या अर्जावरचा विश्वासही उडतो.

अर्ज गेल्यावर

सरकारला उत्तरासाठी ६० दिवस मिळतात. ती मुदत आणखी महिनाभर वाढवून मागता येते. आलेलं उत्तर अर्जदाराकडे प्रतिक्रियेसाठी पाठवलं जातं. प्रकरणं ढिली पडतात ती इथे: ईमेल कोणी उघडलेलाच नसतो, वकील बदललेला असतो. एकच कायमचा ईमेल द्या आणि तो कोण बघणार हे ठरवा.

जिवाला किंवा प्रकृतीला धोका असेल तर तातडीचं आवाहन मागता येतं. पण तातडीचं पत्र गेलं म्हणजे मत, म्हणजेच कार्यगटाचा लेखी निष्कर्ष, मिळणार असं नाही. नियमित प्रक्रियाही हवी, हे अर्जात स्पष्ट लिहावं.

मत आधी सरकारला जातं, ४८ तासांनी अर्जदाराला. सहा महिन्यांत दोन्ही बाजूंनी पुढे काय झालं ते कळवायचं असतं. मत बंधनकारक नसतं. चीनचे लेखक लिउ श्याओबो यांची कैद मनमानी असल्याचं कार्यगटाने २०११ मध्ये म्हटलं, तरी २०१७ मध्ये कोठडीतच त्यांचा मृत्यू झाला. उलट, अल्जीरियात नोव्हेंबर २०२४ मध्ये पकडलेले लेखक बुअलेम सानसाल वर्षभरात सुटले. आधी युरोपीय संसदेचा ठराव झाला होता, पण माफी मिळाली ती जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांच्या विनंतीवरून. म्हणून कागदाबरोबर अटक करणाऱ्या सरकारशी बरे संबंध असलेला देशही शोधावा लागतो.

सोबत करायचं

अभिव्यक्ती स्वातंत्र्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या तज्ज्ञाकडे, म्हणजे विशेष प्रतिवेदकाकडेही माहिती पाठवता येते. पेन इंटरनॅशनल या लेखकांच्या जागतिक संघटनेची तुरुंगातल्या लेखकांसाठीची समिती १९६० पासून आहे. पेनचं अखिल भारतीय केंद्र १९३३ मध्ये मुंबईत सोफिया वाडिया यांनी सुरू केलं. हिंसेचा किंवा वंशद्वेषाचा पुरस्कार करणाऱ्यांची बाजू पेन घेत नाही. तुरुंगात मारहाण झाली, औषध नाकारलं, तर मानवी हक्क आयोगाकडे एका वर्षाच्या आत तक्रार करा, मराठीतही चालते. राज्य आयोग किंवा राष्ट्रीय आयोग, दोघांपैकी एकाकडेच. न्यायप्रविष्ट मुद्दा मात्र तिथे फेटाळला जाऊ शकतो, म्हणून तक्रार कोठडीतल्या वागणुकीपुरतीच ठेवावी.

मधेच सुटका झाली तर कार्यगटाला लगेच कळवा, आणि तरीही मत हवं आहे हे त्याच पत्रात कारणासह लिहा. नाहीतर प्रकरण बंद होऊ शकतं.