मुरमाच्या वाटेवर हवा कमीच बरी

ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या वाटेवरही चालणारी सायकल, घ्यायचं मनात आलं की सोलापुरात प्रश्न ठरलेले, फ्रेम अल्युमिनियमची का कार्बनची, गिअर किती, ब्रेक कुठले, आणि मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत खल. टायरमध्ये हवा किती ठेवायची हे मात्र कुणी विचारत नाही. पंक्चरवाला कॉम्प्रेसर लावतो, अंगठ्यानं दाबून बघतो, टणक लागलं की "झालं बे" म्हणतो आणि विषय संपला. पण डांबर सोडून मुरमावर उतरलात की वेग, कंबर, चढावर चाक घसरणं न घसरणं, हे सगळं त्या हवेवर जास्त अवलंबून असतं आणि फ्रेमवर बरंच कमी.

आपल्याकडं अशा वाटांना तोटा नाही. शहराच्या आजूबाजूला सपाट माळ, पण बार्शी तालुक्याच्या पूर्वेला बालाघाटच्या रांगा सुरू होतात, तिकडं येडशी-रामलिंग, इकडं तुळजापूर, आणि मधल्या गावांना जोडणारे पाणंद रस्ते, शिवरस्ते, गाडीवाटा. तासभर फिरलात तरी एखादी बैलगाडी नाहीतर शेळ्यांचा कळप, बस्स. फक्त ऊसपट्ट्यात गाळपाच्या सीझनला जाऊ नका. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर अरुंद वाटेवर समोरून आला की तुमचं 'ट्रॅफिक फ्री' तिथंच संपलं, आणि तो जाताना वाटेची जी चाळण करून ठेवतो ते वेगळंच. थंडीत ज्वारीचा पट्टा गाठावा, वाट शांत आणि वर हुरडा.

हा भाग असा पायऱ्यापायऱ्यांचा का, तर दख्खनचा लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकदम नाही, थरावर थर असा पसरत गेला. कुठला थर कठीण, कुठला सच्छिद्र आणि मऊ. मऊ थर झिजतो, कठीण तसाच कडेला उभा राहतो, त्यामुळं वर आल्यावर मैलभर सपाट पठार आणि मग अचानक उभा चढ किंवा उतार. आणि झिजलेला बेसॉल्ट म्हणजेच आपला मुरूम. नदीतल्या गोट्यांसारखे त्याचे खडे गोल नसतात, कोनेदार असतात, एकमेकांत अडकून बसतात, मधल्या फटी बारीक माती भरून काढते. म्हणून चांगला दाबलेला मुरूम सायकलला फार छान. सर्वांत छान कधी, तर पावसाळा संपून दिवाळीच्या सुमाराला, कारण थोडीशी ओल राहिली की कणांच्या मधलं पाणी पृष्ठताणामुळं त्यांना धरून ठेवतं. एप्रिल-मेपर्यंत ती ओल जाते, बारीक माती धुरळा होऊन उडून जाते आणि वर उरतात सुटे खडे, ज्यांच्यावर चाक भिरभिरतं.

आता हवा. समजा मागच्या चाकावर ४५ किलो वजन येतंय. टायर जमिनीवर किती चपटा होणार याचा ढोबळ हिशोब सोपा आहे, वजन भागिले हवेचा दाब. ९० पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप) भरली तर टायर जेमतेम ७ चौरस सेंटीमीटर जागेवर टेकतो, ३५ वर आणली तर १८ च्या आसपास. घरी करून बघायचं असेल तर टायरला ओला गेरू लावा, खाली वर्तमानपत्र ठेवा, सीटवर अलगद बसा आणि उठा. दोन दाबांचे दोन ठसे शेजारी शेजारी बघितले की परत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पण मग लोक म्हणतात, मऊ टायर जड चालतो ना. गुळगुळीत रस्त्यावर बऱ्यापैकी खरं आहे. रबर चपटं होतं, परत फुगतं, त्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि टायरची तपासणी बहुतेक गुळगुळीत पोलादी ड्रमवर होते त्यामुळं तिथं जास्त हवा नेहमी जिंकते. मुरमावर मात्र दुसरंच एक नुकसान चालू असतं. टणक टायर खड्यावर आला की खडा टायरमध्ये शिरत नाही, अख्खी सायकल आणि वरचा माणूस मिलिमीटरभर का होईना वर उचलला जातो. ते उचलण्याचं काम पुढं जायच्या वेगातून कापलं जातं आणि खाली येताना ते पूर्ण परत मिळत नाही, मांड्या, पोट, खांदे हलतात आणि तिथंच ते जिरतं. म्हणजे तुम्ही पायानं लावलेला जोर तुमच्याच पोटाला हलवण्यात जातोय. हे काही मनाचं सांगत नाही, अमेरिकन लष्करानं १९६० च्या दशकात खडबडीत जमिनीवर गाडी चालवणाऱ्याच्या शरीरात हादऱ्यांची किती ऊर्जा जिरते हे वॅटमध्ये मोजायची पद्धत बसवली आणि ६ वॅट ही चालकानं सोसायची मर्यादा धरली. मऊ टायरमध्ये खडा गिळला जातो आणि वरचा माणूस जागेवर राहतो.

वजन जास्त जागेवर पसरवायची ही बुद्धी आपल्या भागात आधी एकदा येऊन गेलीय, फक्त ती रेल्वेची होती. बार्शी लाइट रेल्वे, १८९७ ला सुरू झाली, रूळ फक्त ७६२ मिमी अंतरावर. तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप याचा आग्रह असा की वजन जास्त चाकांवर सारखं वाटा, एका अ‍ॅक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त नको. त्यामुळं मीटरला जेमतेम १५ किलोचे हलके रूळ टाकूनही भरलेल्या वाघिणी आणि दमदार इंजिनं चालली. त्यानं चाकं वाढवली, आपण हवा कमी करतो.

मग किती ठेवायची? ७० किलोच्या आसपासचा माणूस, ४० मिमीचा ट्यूबलेस टायर, तर ३० ते ३५ पीएसआय, पुढं मागच्यापेक्षा दोन-तीन कमी. आत ट्यूब असेल तर थोडी वाढवा, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. फारच कमी केलीत तर वळणावर टायर रिमखाली लोळल्यासारखा वाटतो, तिथं थांबा आणि दोन पीएसआय वाढवा.

हवा बरोबर असली तरी एक गोष्ट सुटत नाही, वाटेवरच्या आडव्या लाटा. चढाच्या आधी, वळणाच्या तोंडाशी, जिथं गाड्या ब्रेक मारतात किंवा अ‍ॅक्सिलेटर पिळतात तिथं त्या हमखास असतात. गावात सगळे ट्रॅक्टरला शिव्या घालतात, पण हे जरा खोल आहे. २००७ मध्ये टोरंटो, केंब्रिज आणि लियाँच्या भौतिकशास्त्रज्ञांनी गोल फिरणाऱ्या वाळूच्या थाळ्यावर रबरी चाक टेकवून ठेवलं आणि बघत बसले. ठरावीक वेगाच्या खाली वाळू सपाट राहते, त्या वेगाच्या वर गेलं की लाटा आपोआप उठतात. चाकाला सस्पेन्शन पाहिजे असं नाही, चाकाऐवजी नुसतं फाळासारखं पातं लावलं तरी उठतात, आणि सपाट केल्या तरी परत येतात. तो वेग इतका कमी असतो की एवढ्या हळू कुणी गाडी चालवणारच नाही, म्हणून कच्च्या रस्त्याला लाटा टळत नाहीत.

सायकलवाल्याचं गणित असं. लाटांमधलं अंतर समजा ६० सेंटीमीटर आणि तुम्ही ताशी १५ नं चाललाय, म्हणजे सेकंदाला सातेक हादरे. बसलेल्या माणसाचं धड वर-खाली सेकंदाला ४ ते ८ वेळा हलवलं की त्याला सगळ्यात जास्त त्रास होतो, त्यामुळं अगदी नको तिथं येऊन पडतो आपण. उपाय म्हणजे गवताच्या कडेची पट्टी धरायची, तिथं चाकं कमी जातात, नाहीतर गुडघे-कोपर सैल सोडून सीटवरून थोडं उठायचं.

चढावर मात्र उलट, सीट सोडू नका. सुट्या मुरमावर उभं राहिलात की वजन पुढं सरकतं, मागच्या चाकाची पकड सुटते, चाक जागेवर गरकन फिरतं आणि तुम्ही पाय खाली टाकता. १० टक्के चढ, सायकलसकट ९० किलो, ताशी ८ चा वेग, एवढ्याला नुसतं वर चढायला १९५ वॅटच्या आसपास लागतात, म्हणून मागं मोठी चकती पाहिजेच, त्यात कमीपणा कसला! सोलापूर ते तुळजापूर उंचीतला फरक साधारण दोनशे मीटर धरला तर फक्त त्या उंचीला पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी, दीडेक भाकरी समजा. वारा आणि रस्ता आपापलं वेगळं घेतात. ज्यांना चढच नको त्यांनी उजनीच्या कालव्याच्या कडेची वाट धरावी, पाणी आपसूक वाहायचं म्हणून उतार इतका नाममात्र ठेवलेला असतो की सायकलला कळतही नाही.

दोन गोष्टींपुढं हवेचं शास्त्र चालत नाही. एक काळी माती. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे खनिज थरांच्या मधे पाणी ओढून घेऊन फुगतं आणि चिकट होतं, वळवाच्या एका सरीनंतर शंभर पावलं जाऊन बघा, टायर आणि फोर्कच्या मधे मातीचा गोळा बसतो, चाक फिरायचंच थांबतं, मग बाभळीची काडी घेऊन खरवडत बसा. वाट मुरमाची आहे का नुसत्या रानातून गेलीय हे पावसाआधी बघून ठेवायचं.

दुसरी गोष्ट सराटे. जमिनीवर पसरणारं पिवळ्या फुलाचं गोखरू, त्याचं वाळलेलं फळ कसंही पडलं तरी एखादा काटा वर असतोच, वर वेड्या बाभळीचे लांब काटे आहेतच. इथं ट्यूबलेस आणि आतलं सीलंट कामाला येतं, हवा बाहेर पडताना द्रवातले लॅटेक्सचे कण आणि तंतू भोकात अडकून तिथंच घट्ट होतात. काटा दिसला तरी लगेच उपटू नका, घरी जाऊन काढा आणि ते भोक खाली येईल असं चाक ठेवा. आणि आपल्याकडच्या उन्हात हे सीलंट पाकिटावर लिहिलंय त्याच्या आधीच सुकतं, त्यामुळं उन्हाळ्यात महिन्या-दीड महिन्यानं चाक कानाशी धरून हलवायचं, आत खळखळ ऐकू आली नाही तर भरायचं.