लायसन भिंतीवर आहे, पण भात कोण काढतंय? (मेस, हॉटेल, टपरी अन् आचारी मंडळींसाठी माहिती)

नमस्कार काका, मावशी, दादा. लातुरात मेस, नाष्ट्याचं हॉटेल, टपरी चालवणारे नाहीतर लग्नाच्या, सप्त्याच्या जेवणाच्या ऑर्डरी घेणारे, तुमच्या सगळ्यांसाठी हे लिहिलंय. आम्ही अन्न सुरक्षित ठेवण्याचं ट्रेनिंग देतो, तिथं पहिला प्रश्न ठरलेला असतो, फूड लायसन काढलंय की, मग हे ट्रेनिंगचं सर्टिफिकेट अजून कशाला? तर लायसन धंद्याचं असतं अन् ट्रेनिंग माणसाचं. 14 आकडी नंबर मिळाला म्हणजे तुमची नोंद झाली, पण भात काढणाऱ्याच्या बोटाला चिंधी बांधलीय का हे त्या कागदाला कुठून कळणार.

एफएसएसएआयचं, म्हणजे फूड लायसन देणाऱ्या सरकारी संस्थेचं, फॉस्टॅक म्हणून ट्रेनिंग आहे, दर 25 कामगारांमागं निदान एक शिकलेला सुपरवायझर पाहिजे, सर्टिफिकेट 2 वर्षं चालतं. पण मालकानं एकट्यानं येऊन कागद घेऊन जाऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं, आचाऱ्याला अन् पोळ्या करणाऱ्या मावशींना सोबत आणा, पोरांच्या ताटात जातं ते त्यांच्या हातचं.

ट्रेनिंगमधी आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो शिजवल्यापासून वाढेपर्यंतच्या टायमावर. 5 ते 60 डिग्रीच्या मधे जंतू वाढतात, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात बाहेरच 40 च्या वर असतं, म्हणजे सकाळी 9 ला उतरवलेलं भाताचं पातेलं दुपारी 1 पर्यंत कोमट होत बसलं तर जंतूंना आयतंच फावतं. भातातल्या काही जंतूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ती परत जिवंत होतात अन् विष सोडतात, ते विष नंतर कितीबी गरम केलं तरी जात नाही. म्हणून "परत उकळलं की झालं" हे डोक्यातून काढा. भात दोनदा टाका, थोडा थोडा, आणि वाढेपर्यंत चटका बसेल इतका गरम ठेवा. उरलेला ठेवायचाच असेल तर परातीत पातळ पसरून लवकर गार करा अन् फ्रीजमधी टाका, पातेलं तसंच ठेवलं तर मधला भात लई वेळ कोमट राहतो. हाताला जखम किंवा फोड असेल तर त्या माणसाला त्या दिवशी वाढायला, मळायला लावू नका, झाडलोट द्या, त्या दिवसाची मजुरी मात्र कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही.

एकादशी, शिवरात्र, नवरात्रात भगरीचं जेवण करणाऱ्यांनी जरा जास्त जपा. आपल्या भागात भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या दरवर्षीच्याच झाल्यात. भगरीच्या पिठाला ओल लवकर धरते अन् बुरशी येते, त्यामुळं सुटं पीठ आणू नका, पॅकबंद भगर आणा, निवडून लागेल तेवढीच दळा आणि जुनं पीठ नव्यात मिसळू नका.

टँकरचं पाणी घेत असाल तर टाकी कधी धुतली ते भिंतीवर तारखेसहित लिहा. भजी, वडे पेपरवर देऊ नका, शाई अन्नात उतरते.

बॅच दुपारी 3 नंतर ठेवतो, दुपारची पंगत उठल्यावर अन् रात्रीच्या तयारीआधी. येताना आधारची झेरॉक्स आणा, वाचता येत नसेल तरी या, सगळं बोलून अन् हातानं करून दाखवतो.