मेंदूतल्या गाठींची नावं कशी बदलत गेली

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या ओपीडीत एमआरआयचा रिपोर्ट घेऊन आलेल्या गडहिंग्लज-राधानगरीकडच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: "गाठ साधी हाय का कॅन्सरची?" प्रश्न रास्त आहे. पण मेंदूच्या गाठीचं उत्तर एवढ्यावर भागत नाही.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रुडॉल्फ व्हिर्शो यांनी मेंदूतल्या आधारपेशींपासून वाढणाऱ्या गाठी 'ग्लायोमा' म्हणून वेगळ्या काढल्या. खरी घडी बसवली ती अमेरिकेत मेंदूचे सर्जन हार्वी कुशिंग यांनी. मेंदूच्या आवरणातून वाढणाऱ्या गाठीला त्यांनी १९२२ मध्ये 'मेनिन्जिओमा' हे नाव दिलं. ही गाठ बहुतेकदा सावकाश वाढते. पण कवटीत जागाच नसल्यामुळे 'साधी' गाठही दाब देऊन दृष्टी घालवू शकते, फिट आणू शकते. १९२६ मध्ये कुशिंग आणि पर्सिव्हल बेली यांनी ग्लायोमाचे पोटप्रकार पाडले. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली कशा दिसतात आणि तो रुग्ण पुढे किती जगला, या दोन्ही गोष्टी त्यांनी शेजारी ठेवून पाहिल्या. अॅस्ट्रोसायटोमासारखी आजच्या रिपोर्टमधली नावं त्या कामामुळे रुळली.

श्वानोमा हा गाठीचा आणखी एक प्रकार; तो मेंदूच्या पेशींचा नव्हे, नसांच्या वेष्टनाचा. तो ऐकण्याच्या नसेवर असेल तर एका कानाने कमी ऐकू येऊ लागतं. वय झालं म्हणून ते अंगावर काढू नये. आणि मोठ्या माणसांत फुप्फुस किंवा स्तनाच्या कॅन्सरमधून मेंदूत पसरलेल्या गाठी मेंदूतच सुरू झालेल्या गाठींपेक्षा जास्त आढळतात. त्यांचे उपचार मूळ कॅन्सर पाहून ठरतात.

जागतिक आरोग्य संघटनेचं पहिलं वर्गीकरण १९७९ चं. २००८ मध्ये ग्लायोब्लास्टोमाच्या, म्हणजे ग्लायोमातल्या सर्वांत आक्रमक प्रकाराच्या, काही रुग्णांच्या गाठींत आयडीएच नावाच्या जनुकातला बदल सापडला आणि नुसत्या दिसण्यावरचा भरवसा डळमळला. २०१६ च्या वर्गीकरणात जनुकांच्या खुणा नावातच आल्या. २०२१ पासून आयडीएच बदललेल्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणत नाहीत. ती अॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड ४ पर्यंतची (ग्रेड म्हणजे गाठ किती आक्रमक याची पायरी, ४ सर्वांत वरची), आणि ग्लायोब्लास्टोमाच्या तुलनेने रुग्ण जास्त काळ जगतो. एवढा फरक एका नावात आहे! घरातली फाइल त्याआधीची असेल, तर जुन्या नावावरून इंटरनेटवर आयुष्याचा हिशेब मांडत बसू नका. ऑपरेशनमधल्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक लॅबमध्ये जपलेला असेल, तर त्यावर आजही आयडीएच तपासता येतं का, हे डॉक्टरांना विचारा.