एकाच पाण्याचे दोन सामू

नदीच्या मुखाजवळ शैवालांना बहर आलाय, पाणी हिरवंगार झालंय. अशा वेळी भरदुपारी नावेतून सामू, म्हणजे पीएच, मोजणारं उपकरण खाली सोडावं. सामू जितका कमी, तितकं पाणी जास्त आम्लधर्मी आणि त्यात हायड्रोजन आयन (विद्युतभारित कण) जास्त. मोकळ्या समुद्राच्या पृष्ठभागी सामू साधारण 8.1 असतो, इथे वरच्या थरात तो 8.4 पर्यंत चढलेला सापडू शकतो. दोर सोडत तळाशी जावं, तर 7.8. फरक किरकोळ वाटतो, पण सामूची पट्टी लघुगणकी आहे: एक अंक खाली म्हणजे हायड्रोजन आयन दहापट. तळाशी हायड्रोजन आयन वरच्यापेक्षा चौपट आहेत.

समुद्रात विरघळलेल्या असेंद्रिय कार्बनपैकी सुमारे 90 टक्के बायकार्बोनेट असतो, उरलेला बहुतेक कार्बोनेट. कार्बन डायऑक्साइड जेमतेम एक टक्का. उन्हात शैवाल नेमका तोच ओढून घेतात. तूट भरायला बायकार्बोनेट हायड्रोजन आयनाशी जुळतं, आयन खर्ची पडतात आणि सामू चढतो. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन मात्र चालूच, म्हणून पहाटे तो पुन्हा उतरतो. नोंदीशेजारी वेळ लिहिलेली नसेल, तर ती नोंद फारशी कामाची नाही.

हवेतून भरपाई होते, पण सावकाश. काही दहा मीटर जाडीच्या थरात ऑक्सिजनचा समतोल काही आठवड्यांत साधतो, कार्बन डायऑक्साइडला कित्येक महिने लागतात. कारण आत आलेल्या वायूचा बराचसा भाग लगेच बायकार्बोनेट होऊन बसतो.

सगळेच बहर असे वागत नाहीत. कॉकोलिथोफोर हे सूक्ष्म शैवाल अंगावर चुन्याच्या चकत्या चढवतात. त्यांच्या बहराने दुधाळ झालेलं पाणी उपग्रहांनाही दिसतं. चकती घडताना दोन बायकार्बोनेट लागतात: एकाचा कार्बन चुन्यात जातो, दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड होतो! चुना बनला म्हणजे कार्बन कायमचा गाडला गेला, हा समज मला म्हणूनच अर्धवट वाटतो.

आता तळाकडे. शेतातलं खत नदीतून येतं. शैवालांच्या पेशींत सरासरी 16 नायट्रोजन अणूंमागे 106 कार्बन अणू असतात, म्हणजे थोड्या नायट्रेटवर बराच कार्बन बांधला जातो. पेशी मरून खाली बसतात, जिवाणू त्या कुजवतात, ऑक्सिजन संपत जातो आणि तोच कार्बन पुन्हा कार्बन डायऑक्साइड होऊन पाण्यात मिसळतो, म्हणून तळाशी सामू घसरतो. नदीचं हलकं गोडं पाणी वर झाकणासारखं पसरलेलं असल्याने हा वायू बाहेर पडत नाही. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखाताला मिळणाऱ्या मिसिसिपी नदीच्या मुखाबाहेर दर उन्हाळ्यात हेच घडतं.

मेक्सिकोचं आखात आणि पूर्व चीन समुद्र इथल्या मोजमापांवरचं एक संशोधन 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. हवेतून शोषलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याची सामू सावरून धरण्याची ताकद आधीच घटलेली असते. त्यात कुजण्याची भर पडली की सामू दोन्ही परिणामांच्या बेरजेहूनही जास्त घसरतो, असं त्यात आढळलं. तळाला चिकटून राहणारी कालवं याच पाण्यात कवच घडवत असतात. उपग्रहाला मात्र वरचा हिरवा थर तेवढा दिसतो.