डिकीतला पांढरा चरा : रंग उडालेला नसतोच

सूटकेसच्या चाकाने डिकीच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरा चरा ओढला, की रंग उडाला असंच वाटतं. मग काळा मार्कर येतो, बूटपॉलिश येतं. मार्करला उन्हात जांभळट झाक येते आणि बूटपॉलिश पुढच्या पिशवीला लागतं. चरा तिथेच राहतो, कारण निदानच चुकलेलं असतं. गाडीच्या पत्र्यावर रंगाचा थर असतो, डिकीच्या आतल्या पॅनेलवर बहुधा नसतो. कणकेत मीठ मळावं तसा काळा रंग प्लास्टिकमध्ये आरपार मिसळलेला असतो. चरा कितीही खोल गेला तरी खाली काळंच प्लास्टिक असतं.

मग पांढरं काय दिसतं? बोट पाण्यात बुडवून चऱ्यावर फिरवा. ओल असेपर्यंत चरा जवळजवळ दिसेनासा होतो आणि पाणी वाळलं की परत उगवतो. दुरुस्ती कशी करायची हे याच चाचणीवर ठरवावं.

पॅनेल काढून मागची बाजू पाहिली तर अनेकदा 'पीपी-टीडी20' किंवा 'पीपी+ईपीडीएम-टी20' अशी अक्षरं कोरलेली सापडतात. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन, ईपीडीएम हे धक्का सोसण्यासाठी घातलेलं रबर आणि शेवटचा आकडा म्हणजे वजनाने 20 टक्के टाल्क, आपलं शंखजिरे. शंखजिऱ्यामुळे पॅनेलला ताठपणा येतो. पण टोकदार वस्तू दाबून ओढली गेली की प्लास्टिक नांगरटीसारखं दोन्ही कडांना उचललं जातं, शंखजिऱ्याचे कण भोवतालच्या प्लास्टिकपासून सुटतात आणि तिथे सूक्ष्म पोकळ्या व भेगा पडतात. त्यांत हवा शिरते. हवेचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप) 1, पॉलिप्रोपिलीनचा साधारण 1.49. एवढा फरक असलेल्या असंख्य बारीक पृष्ठभागांवर प्रकाश आपटून चहूकडे विखुरतो आणि डोळ्याला पांढरं दिसतं. खडीसाखर पारदर्शक आणि तिचीच पिठीसाखर पांढरीशुभ्र, तोच हा प्रकार. पाण्याचा अपवर्तनांक 1.33. ते भेगांत भरलं की फरक कमी होतो आणि विखुरणंही.

खोबरेल तेलाचा घरगुती उपाय 'लागू पडतो' तो यामुळेच. त्याचा अपवर्तनांक 1.45च्या आसपास, म्हणजे प्लास्टिकच्या आणखी जवळ. पण तेलावर धूळ बसते आणि आठवड्याभरात चऱ्याच्या जागी करडा पट्टा दिसू लागतो. बाजारातलं ट्रिम ड्रेसिंग, म्हणजे गाडीच्या प्लास्टिकवर चोळायचं द्रव, तेही भेगा भरायचंच काम करतं, फक्त जरा नीटनेटकं. काही आठवडे टिकतं, मग पुन्हा लावायचं. किरकोळ ओरखड्यांना तेवढं पुरे.

कायमचा इलाज उष्णतेचा. पॉलिप्रोपिलीन 160 ते 165 अंश सेल्सियसला वितळतं. वरचा पातळ थर त्याच्या जवळपास तापवला, की उचललेल्या कडा खाली बसतात आणि भेगा मिटतात. हेअर ड्रायरने सहसा भागत नाही, हीट गन लागते. आधी कार शाम्पूच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने जागा धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या. जुनं ड्रेसिंग किंवा तेल राहिलं तर ते धुरावतं आणि डाग पडतो, ओलं अल्कोहोल तर पेटच घेईल. गन 300 अंशांच्या आसपास ठेवून 10 ते 15 सेंटिमीटरवरून, इस्त्री फिरवावी तशी न थांबता फिरवा. आधी मॅटखाली झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यावर हात बसवा. चरा करडा होतो, मग एकदम काळा पडतो. त्याच क्षणी गन बाजूला घ्या आणि पॅनेल आपोआप निवू द्या.

बिघडतं ते बहुतेक याच क्षणानंतर. 'आणखी थोडं' म्हणून गन तिथेच धरली, की दाणेदार पोताची टोकं वितळून सपाट होतात आणि चऱ्याच्या जागी चकाकता डाग येतो. पॅनेलची जाडी जेमतेम 2 ते 3 मिलिमीटर, त्यामुळे उष्णता आरपार गेली तर ते झोळीसारखं लोंबतं. पॉलिश पेपरने चकाकी घालवायला जाऊ नका : पॉलिप्रोपिलीन घासलं की गुळगुळीत होण्याऐवजी त्यावर लव उभी राहते. गेलेला पोत परत आणायची एक युक्ती मात्र आहे. दाताचा ठसा घ्यायला वापरतात तसलं दोन भागांचं सिलिकोन पुटी मळून त्याच पॅनेलच्या चांगल्या जागेवर 5-6 मिलिमीटर जाडीचं थापायचं. घट्ट झाल्यावर ते अलगद सुटतं आणि त्यावर पोताचा उलटा साचा उमटलेला असतो. डाग पुन्हा हलका तापवून त्यावर हा साचा दाबायचा आणि थंड होईपर्यंत हात काढायचा नाही.

दोन ठिकाणी हीट गन नकोच. पॅनेलवर 'एअरबॅग' किंवा 'एसआरएस' लिहिलं असेल तर मागे किंवा वर पडदा-एअरबॅगचे भाग असू शकतात. आणि डिकीत सीएनजीची टाकी असेल तर पॅनेल काढून बाहेर, गाडीपासून दूर नेऊनच काम करा.

पाणी लावूनही चरा तसाच राहिला तर तो खोल खड्डा आहे किंवा चराच नाही. सायकलच्या ॲल्युमिनियमच्या दांड्याची करडी रेघ किंवा चाकाच्या रबराची काळी रेघ हा वरून बसलेला थर असतो, अल्कोहोलने निघतो. मेलामाइनचा पांढरा स्पंजही काढतो, पण तो मुळात बारीक घासकागदच, जोर लावला की पोत चकचकीत करतो. पेट्रोल, थिनर अजिबात नको, त्याने प्लास्टिक आणि त्यातलं रबर फुगतं. खरा खड्डा भरायचा तर पॉलिप्रोपिलीनचीच वेल्डिंग कांडी आणि सवयीचा हात लागतो. साधा गोंद, एपॉक्सी, रंग या प्लास्टिकला धरतच नाहीत. रंगवायचंच असेल तर आधी पॉलिप्रोपिलीनसाठीचा ॲडहेजन प्रमोटर, म्हणजे रंगाला पकड देणारा थर, फवारावा, नाहीतर नखाने सोलेल.

चरे पडू नयेत म्हणून डिकीच्या उंबरठ्याकडे आधी बघा, सर्वांत जास्त मार तोच खातो. 20 किलोची बॅग एका चाकावर टेकवून आत ढकलली, की सगळा भार नखाएवढ्या जागेवर येतो आणि वर तो सरकतो. बॅग उचलून ठेवणं उत्तम. ते रोज होत नाही, म्हणून जुनी योगा मॅट उंबरठ्याएवढी रुंद कापून तिचा हातभर भाग बंपरवर लोंबेल अशी ठेवावी. पारदर्शक फिल्म बंपरच्या रंगीत भागावर छान बसते, दाणेदार प्लास्टिकवर नाही, कारण तिचा गोंद फक्त दाण्यांच्या टोकांना शिवतो.

मॅट घातली म्हणून निश्चिंतही राहू नका. कोकणातून परतताना तिच्याखाली वाळू शिरलेली असते. वाळूत गारगोटी असते, मोहस् मापावर कठीणता 7, तर शंखजिऱ्याची 1. वर सामान हललं की हीच मॅट घासकागद होते. घरी आलात की मॅट बाहेर झटका, खाली व्हॅक्यूम फिरवा आणि मगच ओला फडका लावा.